न हललेली मधमाशी

३ जून
परत सगळे फोटो हललेले! मागच्या अंगणात साखरेचं पाणी ठेवलं, सडके पीच ठेवले, गवतात पालथा पडून राहिलो. आल्या फक्त हिरव्या माश्या. त्याही कॅमेरा जवळ नेला की भुर्र! खोलीतला बॉग्दान खिडकीतून ओरडला, "झेनेक, त्या तुझ्याच वासाला आल्यात, लेका!"

कॅमेरा शेजारच्या वीबेकाकांच्या बायकोचा. ती गेली, कॅमेरा राहिला. देताना म्हणाले, "ग्रीट माझ्या मधमाश्यांचे फोटो काढायची. तूही एक तरी नीट काढून दाखव."

एकसुद्धा जमेना. या गावातला माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे हे काका, तेवढे एकच.

७ जून
काम तेच. काचेच्या शेडमध्ये लव्हेंडरच्या कुंड्या, प्रत्येकीत मधमाशीचं चित्र असलेली पट्टी खोचायची. पांढरे सूटवाले किडीचं औषध फवारायला आले की आम्हाला बाहेर हाकलतात. फवारून झालं की पुन्हा आत — खोच पट्टी.

पोलंडला आईला फोन केला. "वीटभट्टी सोडलीस, बोट सोडलीस. हे कधी सोडतोस?" काय सांगू? रोजच सोडावंसं वाटतं.

८ जून
पाऊस. मी इथं नसतो तरी कुणाचं काय अडलं असतं?

१४ जून
वाकडी झाडं फेकून देतात. मुकादमाला विचारून सहा कुंड्या घरी आणल्या. पट्टीवर मधमाशीच आहे — म्हणजे येतीलच की!

१७ जून
आल्या!! कुंपणावरून, वीबेकाकांच्याच. त्यातली एक फुलाला धरून बसली ती हललीच नाही. इतका जवळ गेलो की माझा श्वास तिला लागला असेल. जीभ पूर्ण बाहेर. अंगावरचा केस न् केस फोटोत आला.

लगेच दाखवायला गेलो. काकांकडे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं, मग डब्याचं झाकण बंद. नेहमीचंच. आज फोटो बघत बसले. "कशी पितेय बघ! अशी स्वस्थ तर ग्रीटलाही कधी सापडली नाही." झाकण उघडंच राहिलं! मी तीन खाल्ली. फोटो मोठा करून स्वयंपाकघरात लावणार म्हणाले.

१८ जून
आईला म्हटलं, इथं राहीन बहुतेक. तिनं फोनवर नाक ओढलं. रडत होती वाटतं.

२६ जून
काका पेट्यांपुढे गुडघ्यांवर बसलेले. समोर मेलेल्या मधमाश्या — झाडूनं गोळा कराव्यात इतक्या. काही पाठीवर पडून गरगरत होत्या. "कुणीतरी विष फवारलंय रे. कोण असेल?" त्या माणसाला मी पोलिशमध्ये पोटभर शिव्या घातल्या. काका म्हणाले, "जवळून फोटो काढ. पुरावा लागेल. तुझा हात आता बसलाय."

काढले. एकही हलला नाही.

२७ जून
फोटो घेऊन गेलो. सगळ्यांच्या जिभा बाहेर. काका उठले, भिंतीवरचा माझा फोटो उतरवून या फोटोंच्या शेजारी ठेवला. आधी तिच्या जिभेवर बोट ठेवलं, मग मेलेल्यांच्या. बिस्किटांचा डबा कपाटातच. त्यांच्या खिडकीतून माझ्या कुंड्या दिसतात. सहाही.

मग मान वर न करता म्हणाले, "झेनेक, हिचा फोटो काढलास तेव्हा ही जिवंत होती का रे?"