कड्याकडे येण्याआधी

प्रिय धाकट्या,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधी सांगते : बाबा बरे आहेत, मीही धडधाकट आहे. फोन सोडून ताईने हे काय काढलं, असं वाटेल तुला. पण तुझा फोन हल्ली तुझा एकट्याचा राहिलेला नाही. कधी तो तुझा सहायक उचलतो, कधी तू उचलतोस आणि बैठकीत आहे म्हणून ठेवून देतोस. मला जे सांगायचंय ते मध्येच तोडून चालणार नाही.

परवा तुला टीव्हीवर पाहिलं. आरोग्य केंद्रातल्या बाकावर बसलेले सगळे पेशंट खोकणं थांबवून बघत होते. मंत्रिसाहेबांनी बोलणं गुंडाळलं आणि डिझेलचं अनुदान बंद का केलं त्याचे आकडे तू समजावून सांगितलेस. अनुदानाचा मोठा वाटा मोठ्या गाड्या उडवणाऱ्यांच्याच खिशात जातो, उरलेलं तेल सीमेपलीकडे चोरून विकलं जातं, त्या पैशातून शाळा उभ्या राहतील, असं म्हणालास. मला पटलं रे. बाबांनाही पटलं असावं, कारण ते गप्प बसून ऐकत होते, आणि खोटं कानावर पडलं की ते गप्प बसत नाहीत हे तुला माहीत आहे. नंतर एवढंच म्हणाले, की याला कोणी जेवायला घालतं की नाही? खरंच फार वाळलास तू. नवा चष्माही चेहऱ्याला मोठा होतोय.

इकडचं सांगायचं तर अनुदान गेलं त्या आठवड्यातच धक्क्यावरचं इंजिनांची फटफट बंद झाली. वरच्या वस्त्यांना रस्ता नाही, नदी हाच रस्ता, हे तुला मी काय सांगू? होड्या काठाला बांधून पडल्यात. डिझेलचा भाव परवडत नाही, आणि डेपोत येतं तेही थोडंच; डेपोसमोर रिकाम्या डब्यांची रांग लागते, आणि माणसं थकली की डबा जागेवर ठेवून झाडाखाली जाऊन बसतात. विरोधी पक्षाचा पुढारी भोंगा लावलेली गाडी घेऊन दोनदा येऊन गेला. चहावाल्याने त्याला विचारलं, तुमची गाडी कशावर चालते? तर म्हणे, जनतेच्या प्रेमावर. मग थोडं आमच्या स्टोव्हमध्ये पण ओता, म्हणाला चहावाला. तेवढंच काय ते हसणं झालं. एरवी माणसं एकमेकांशी तुटक बोलायला लागलीत, आणि मला ते फार जाणवतं. दुखणं घेऊन आलेला माणूससुद्धा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग दुखणं सांगतो. मी कोणाची बहीण आहे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

लसीकरणासाठी मला वर जायचंच होतं. केंद्राच्या लाँचच्या टाकीत थोडं तेल होतं, पण चालक डिझेलच्या रांगेत अडकलेला, म्हणून बाबा म्हणाले, मी नेतो, जाता जाता कड्यावर वेडे राघू आलेत का तेही बघू. जन्मभर लाँच चालवलेला त्यांचा हात इंजिनावर पडला आणि दहा वर्षांनी तरणे झाले बघ. नदीच्या वळणावर तो मातीचा कडा तसाच आहे, बिळाबिळांनी भरलेला, उन्हात तांबूस दिसणारा. डिझेल वाचावं म्हणून बाबांनी इंजिन बंद केलं आणि लाँच तशीच वाहू दिली. राघू आले होते. शेकड्यांनी. चोचीत माशी धरून बिळात शिरायचे, लगेच बाहेर येऊन पाण्यावर झेपावायचे. त्या हिरव्या पंखांची नुसती सळसळ, बाकी चिटपाखरू नाही. बाबा टोपी काढून बघत राहिले. त्यांना इतकं निवांत मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वळणाआडून वल्ह्यांचा आवाज आला. दोघे पुरुष जीव खाऊन वल्ही मारत होते, आणि होडीच्या तळाशी, ताडपत्रीखाली, एक बाई. पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून कळा सुरू होत्या, आणि सकाळपासून अंगावरून जात होतं. त्यांच्या वस्तीत इंजिनाची होडी होती, पण टाकी कोरडी. नवरा टोपल्या विणणारा, बरोबर त्याचा भाऊ. दोघांच्या तळहातांची सालं निघाली होती. तिला आमच्या लाँचमध्ये घेतलं, नवरा बरोबर आला, भाऊ होडीपाशी थांबला. बाबांनी इंजिन पूर्ण सोडलं. इतकं ताणलं तर तेल धक्क्यापर्यंत पुरेल का, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

नाही पुरलं. धक्का दिसायला लागला आणि इंजिन खोकून बंद पडलं. बाबा आणि तिचा नवरा बांबूने रेटत होते, आणि मी लाँचच्या तळाशी गुडघ्यांवर बसले होते. मूल तिथेच झालं. मुलगी. रडली नाही. मला येतं ते सगळं केलं, पाठ चोळली, श्वास दिला, पुन्हा दिला. बाई वाचली, पेटीत इंजेक्शन होतं म्हणून. मुलगी नाही वाचली. तू विचारशील म्हणून सांगते : डिझेल असतं तर ती जगलीच असती, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्या बापाने मला तेच विचारलं, आणि नसती जगली, असंही मला म्हणता आलं नाही. बाबांनी आपला सदरा काढला, तिला त्यात गुंडाळलं आणि तसेच उघड्या अंगाने धक्क्यावर उतरले. रांगेतली माणसं उठून बाजूला झाली.

त्यानंतर आठवडाभरात धक्क्याला रंग लागला. रस्त्यावरचे खड्डे बुजवले. कळलं ते असं, की मंत्रिसाहेब येणार, कडा आणि आसपासचं जंगल राखीव म्हणून जाहीर करणार, पत्रकारांना होडीतून राघू दाखवणार. ही कल्पना तुझीच असणार, मी लगेच ओळखलं. एरवी मला किती आनंद झाला असता! पण काल पाहुण्यांच्या होड्यांसाठी टँकर आला. डेपोसमोरच्या डब्यांना वळसा घालून, पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या घेऊन तो धक्क्यावर गेला. कोणी आरडाओरडा केला नाही. त्याचीच मला धास्ती वाटते.

संध्याकाळी होडीवाल्यांची बैठक झाली. दौऱ्याच्या दिवशी धक्क्यावर वाट अडवून बसायचं, पाहुण्यांना पाण्यात उतरू द्यायचं नाही, असं ठरलं. बाबा त्यांना समजवायला म्हणून गेले होते. टोपलीवाला त्यांना म्हणाला, "तुम्ही यात पडू नका. तुमचा मुलगा त्यांच्यात आहे." बाबा म्हणाले, "म्हणूनच मी सगळ्यांत पुढे बसणार." घरी येऊन मला हे सांगितलं आणि गोळी घेऊन झोपले. त्यांचं ब्लडप्रेशर, त्यांचे गुडघे, पोलिसांच्या काठ्या, सगळं बोलून झालं माझं. ऐकत नाहीत. आणि धाकट्या, आज सकाळी मी काठावरून येत होते, तर एका बांधलेल्या होडीत ताडपत्रीखाली दगड दिसले. नेमके हातात मावतील असे निवडलेले. कोणी ठेवले माहीत नाही. पोलिसांना सांगितलं तर आजच धरपकड होईल, आणि पहिला नंबर टोपलीवाल्याचा लागेल. नाही सांगितलं तर त्या दिवशी बाबा काठ्या आणि दगड यांच्या मधोमध बसलेले असतील.

म्हणून लिहायला बसले. निर्णय मागे घ्या, दौरा रद्द करा, असं सांगायची माझी ऐपत नाही आणि तेवढी अक्कलही नाही. तू ताफ्यातून यायच्या आधी ये, एकटा. बाबांजवळ बस. मग मी तुला टोपलीवाल्याच्या घरी नेईन. तिथे काय बोलायचं ते मला सुचत नाही. तुलाही सुचणार नाही कदाचित, तर नुसता बस, त्याला बोलू दे. पत्र घेऊन आलेला माणूस आपल्या बसचा कंडक्टर आहे, पत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत निघेल. त्याच्या शेजारची खिडकीची जागा धरून ठेवायला सांगितलीय मी. बाबांना यातलं काही ठाऊक नाही.

वाट बघणारी,
तुझीच ताई