काशीचा गडू

सेलू, ता. २१ मे १९८९

बाई,

आज रविवार. सकाळी सहाला नळाला पाणी आले, ते भरून घेतले. साडेसातच्या एस.टी.ने तुझी सून गावाकडे गेली. देवगाव फाट्यावर उतरून पुढे कोणाची बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर चालत जाईन म्हणाली. माझ्यासाठी दोन भाकरी आणि ठेचा झाकून ठेवला होता, तो बाराला खाल्ला. ऊन एवढे आहे की गल्लीत कुत्रेसुद्धा दिसत नाही. सून गेली ती मावंद्याचे आवतण द्यायला. तुझ्या मावंद्याचे. येत्या रविवारी गावात जेवण घालायचे तिने ठरवले आहे. पाचच्या गाडीने ती परत येईल. त्याआधी तुला काही सांगायचे आहे म्हणून हा कागद घेऊन बसलो. पोस्टात बावीस वर्षे लोकांची पत्रे हाताळली, पण स्वतःची दहासुद्धा लिहिली नसतील. तुला तर एकही नाही. तुला वाचता येत नव्हते, आणि दर बाजाराला तू स्वतःच येऊन जायचीस, त्यामुळे कधी गरज पडली नाही.

तू काशीहून आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. फाट्यावर मी घ्यायला आलो होतो. गाडीतून आधी तुझे गाठोडे खाली आले, मग तू, आणि छातीशी धरलेला तो तांब्याचा गडू. मुठीएवढा, तोंड डाख देऊन बंद केलेला, आत गंगेचे पाणी. काशीचे पाणी रामेश्वराला नेऊन घातले म्हणजे यात्रा पुरी होते, आणि यात्रा पुरी झाली की मग गावाला मावंद्याचे जेवण, असे तुझे पक्के होते. बाकीच्यांनी काशीहून आल्या आल्या मावंदी उरकली. तू थांबलीस. बायका तुला पाणवठ्यावर छेडायच्या.

"काय माय, कवा जेवायला घालायलीस? आमी उपाशी मरायची येळ आली."

"आजून रामेश्वर ऱ्हायलाय बये. तवर आपल्या घरचंच खा."

दर एकादशीला तू मोरीत बसून तो गडू चिंचेने घासायचीस. लेकराला न्हाऊ घालावे तसा मांडीवर आडवा घेऊन. लख्ख झाला की कानाशी धरून हलवायचीस आणि स्वतःशीच म्हणायचीस, "हाय. हाय आजून." मग पदराने पुसून देवळीत ठेवायचीस. मी तेव्हा हसायचो. डाख दिलेल्या गडव्यातले पाणी कुठे जाणार आहे, म्हणायचो.

अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीनंतर तुला न्यायचे मी कबूल केले होते. त्याच पावसाळ्यात नामांतराचा दंगा झाला. एस.टी. बंद, फाट्यावर पोलीस. आपल्या शेतात खुरपायला येणाऱ्या बौद्ध बाईचे घर शेजारच्या गावात जळाले. तू दोन लुगडी आणि ज्वारी घेऊन चालत गेलीस. ती बाई बाहेर आली नाही. तू सगळे तिच्या दारात ठेवून परत आलीस. मी तुझ्याबरोबर आलो नव्हतो. पुढे मी यात्रेचा विषय काढला तेव्हा म्हणालीस, "लोकायची घरं जळायलीत अन् मी देवाला निघू? गप बस." त्या वर्षी जाणे झाले नाही त्याला कारण होते. त्यानंतरच्या वेळेचे मला लिहायचे आहे.

आमच्या नोकरीत चार वर्षांतून एकदा कुटुंबासह लांब कुठेतरी जायचे भाडे मिळते. ऐंशी साली माझी पाळी होती. आमचे हेडक्लार्क पुण्याकडचे, ते बायकामुलांना घेऊन म्हैसूर-उटीला निघाले होते. तुम्हीही चला म्हणाले. मला बरे वाटले. इतक्या मोठ्या माणसाने आपल्याला बरोबर घ्यावे याचे बरे वाटले. तुला हे सुनेकडून कळले. गुरुवारच्या बाजाराला आलीस, ओट्यावर टेकलीस, चहा बशीत ओतलास आणि मला विचारलेस.

"त्याच वाटनं पुढं रामेश्वर हाय म्हणायलेत. मला तिथं सोडा. तुमी हिंडून या, मी बसते देवळात."

"बाई, तिथं लय गर्दी असती. माणसं चेंगरतेत. तुला न्हाई झेपायचं."

"गर्दी काय मी बघितली न्हाई व्हय?"

"ही येगळी असती. अन् सरकार आईबापाचं भाडं देत न्हाई."

तू बशी खाली ठेवलीस. "बरं," म्हणालीस. "गडू कुठं पळून जायलाय?" आणि बाजारात मिरच्या घ्यायला निघून गेलीस. वर्षभराने तू गेलीस, आठ दिवसांच्या तापात. त्या आठ दिवसांत गडव्याचे नाव काढले नाहीस. काढले असतेस तर बरे झाले असते असे मला अजून वाटते.

या महिन्यात आम्ही रामेश्वराला जाऊन आलो. सुनेनेच हट्ट धरला. सिकंदराबादला गाडी बदलली, मद्रासला बदलली, आणि शेवटी समुद्रावरच्या पुलावरून गाडी माणसाच्या चालीने त्या बेटावर गेली. खाली दोन्ही बाजूंना पाणी. सून डोळे मिटून बसली होती. मी मात्र बघत होतो. आमची उतरायची जागा देवळापासून लांब होती, कोळ्यांच्या वस्तीला लागून. समोर वाळू आणि वाळत घातलेली जाळी. एवढे पाणी मी जन्मात पाहिले नव्हते. पहिले दोन दिवस मी तिथेच काढले. सकाळी वाळूत चालायचे, दुपारी सावलीत पडायचे. एक दिवस बेटाच्या टोकाला, समुद्राने मोडलेल्या जुन्या गावाकडे जाऊन आलो. तिथे माणूस नाही, फक्त वारा. मला फार बरे वाटले, आणि तसे वाटल्याचे वाईटही वाटले. देवळाकडे उद्या जाऊ, असे मी रोज म्हणत होतो. तिकडे यात्रेकरूंच्या गाड्या, लॉजवाले, शंखशिंपल्यांची दुकाने, सगळे एका जागी दाटले आहे, हे मी स्टेशनवरून येताना पाहिले होते. गर्दी ओसरू दे, म्हणायचो. सून म्हणाली, "इथं गर्दी कधी ओसरणार? देव बघायला आलाव का लाटा मोजायला?"

तिसऱ्या दिवशी तिला अडचण आली, म्हणजे देवळात जाता येणार नव्हते. ती बिचारी रडकुंडीला आली. मग स्वतःच गडू कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "तुमी जावा. मावंदं अडलंय आत्याबाईचं. मी इथूनच हात जोडते."

मी गेलो. देवळाच्या दारापासून बाजार सुरू होतो तिथपर्यंत गेलो. पुढे माणसेच माणसे. आतल्या बावीस विहिरींवर अंघोळ करून निथळत बाहेर येणारी, कोरडी आत जाणारी, मधे फोटोवाले, आरसेवाले, गाई. मी एका शंखाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. दहा मिनिटे, मग अर्धा तास. एक गाय अंगावर आली तेव्हा मी "सरक गं माय" म्हणालो, तर पाठीमागून आवाज आला.

"आता बया! आपल्याकडचं माणूस! कुठलं गाव रं बाबा?"

तुझ्याएवढीच उंची. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात नव्या वहाणा. मी गाव सांगितले.

"मी पोखर्णीची, नरसोबाच्या. संगतीचे समदे गेले पुढं. चार दिस झाले, भाकर न्हाई रं डोळ्यानं बघितली. भात, भात अन् भात. एवढ्या वाहना धर. नव्या हायेत, बाहेर ठिवायला जीव हुईना."

"मावशी, आत लय गर्दी हाय," मी म्हणालो.

"मंग? देव काय एकटा बसंल व्हय?"

ती गेली. मी तिच्या वहाणा धरून उभा होतो. देवाजवळ काही मागावे असे मला कधी सुचत नाही, पण त्या वेळी एक विचार मनात आला, तो लिहितो. ही बाई आतून हैराण होऊन यावी असे मला वाटले. पडावी, लागावे असे नाही. पण दमून यावी, म्हणावी की नको बाबा, म्हाताऱ्या माणसाचे हे काम नाही. दीड तासाने ती आली. नखशिखांत भिजलेली, पदर पिळत, हसत.

"अरं, पाय उचलायचं कामच पडलं न्हाई! गर्दीनंच नेलं अन् गर्दीनंच आणून सोडलं. तू न्हाई गेलास?"

मी नाही म्हणालो. तिने वहाणा घेताना पिशवीला हात लावला, आणि लगेच ओळखले.

"गडू हाय. काशीचा?"

"हां."

"कुणाचा?"

"आईचा."

"ती न्हाई आली?"

"न्हाई."

"का रं?"

आणि बाई, मी म्हणालो, "गर्दी लय असती म्हणून."

तेच शब्द. ओट्यावर तुला म्हणालो होतो तेच. अंगावरचे ओले लुगडे झटकून ती म्हणाली, "चल. मी येते संगं. आणिक एकदा भिजते, त्याला काय हुतंय. धर माझा हात."

मी तिला सांगितले की माझ्या गाडीची वेळ झाली. गाडी दुसऱ्या दिवशी होती. आत गेलो असतो तर तासाभरात बाहेर आलो असतो, हेच मला नको होते. ते इतके सोपे आहे हे मला त्या गडव्यासकट बघायचे नव्हते. परत येताना वाटेत दोनदा थांबलो. दोन्ही वेळा वळलो नाही. वस्ती दिसू लागली तेव्हा गडू विजारीच्या खिशात घातला आणि रिकामी पिशवी हातात धरली. सून दारातच बसली होती. "घातलं?" तिने विचारले. मी हो म्हणालो. गडू तिथल्याच ब्राह्मणाला देऊन टाकला असेही म्हणालो. ती उठली आणि माझ्या पाया पडली. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदा.

परत आल्यापासून गडू पोस्टातल्या माझ्या कुलपाच्या ड्रॉवरमध्ये होता. इकडे घरी मावंद्याची तयारी चालू झाली. गहू निवडून झाले, गूळ आणला, आचारी सांगितला. पाणवठ्यावर तुला छेडणाऱ्यांपैकी तिघीजणी अजून आहेत. सून आज त्यांना सांगणार, की आत्याबाईची यात्रा पुरी झाली, जेवायला या. त्या येतील आणि तुझे नाव घेऊन जेवतील. मी वाढायला उभा असेन. हे मला जमणार नाही असे काल दुपारी कळले. गडू जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला.

आणखी एक राहिले. सरकार आईबापाचे भाडे देत नाही, हे खोटे होते. अवलंबून असलेल्या आईचे भाडे मिळते. सगळ्यांचे अर्ज मीच भरत असे, मला कलमसुद्धा पाठ होते. माझ्या अर्जावर मी तुझे नाव लिहिले होते. लिहून झाल्यावर डोळ्यासमोर आले, की तू हेडक्लार्कांच्या बायकोला गाडीत बसल्या बसल्या "कुठलं गाव माय?" विचारशील, गाठोड्यातली भाकरी तिच्यापुढे करशील, मुलांची तोंडे पदराने पुसशील. मी तुझ्या नावावर रेघ मारली. मग रेघ दिसते म्हणून तो अर्ज फाडून नवा भरला. गर्दीचे कारण नंतर सुचले.

पत्ता नसलेल्या पत्रांचे काय होते ते मला चांगले माहीत आहे, म्हणून हे टाकणार नाही. घडी करून कुठे ठेवायचे तेही ठरवलेले नाही. सुनेला काय सांगायचे याची वाक्ये सकाळपासून जुळवतो आहे, जुळत नाहीत. म्हणून असे ठरवले आहे की गडू घासून तिच्या देवघरात समोरच ठेवायचा. ती आल्या आल्या दिवा लावायला जाते. तिला दिसेल, ती विचारील, आणि मग मला बोलावेच लागेल. मावंदे करायचे की नाही ते तिने ठरवावे. मला परत त्या बेटावर जायला सांगितले तर जाईन. उभा कुठे राहीन ते आज सांगता येत नाही.

चार वाजून गेले. चिंच भिजली आहे. आता बाह्या वर करून मोरीत बसतो. मघाशी गडू कानाशी धरून हलवला.

हाय आजून.