आठ कोअरची खोगीरभरती

४ एप्रिल
कन्येला लॅपटॉप हवा. ॲनिमेशनच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर तीस सेकंदांची फिल्म स्वतः करून पाठवावी लागते. शेवटची तारीख १० मे. फिल्म पसंत पडली तर प्रवेश, मार्कांना कोणी विचारत नाही म्हणे. बरंच आहे, तिचे मार्क विचारण्यासारखे नाहीतच. मॉडेल तिनं ठरवून ठेवलंय. म्हटलं, बाप जिवंत आहे अजून, तो ठरवील.
संकल्प: आठवडाभरात प्रोसेसर या विषयावर प्रभुत्व.

११ एप्रिल
प्रभुत्व आलं. तीन व्हिडिओ पाहिले (एक अर्धा). कोअर म्हणजे आत बसलेली कामाची माणसं. गिगाहर्ट्झ म्हणजे त्यांच्या हाताचा वेग. संपलं! एवढ्यासाठी लोक कोर्स करतात.
कन्या म्हणते, आठ कोअर हवेत. हसू आलं. बावीस वर्षं पार्सल विभागात माणसं सांभाळतोय. माझ्याकडेही आठच आहेत. एक जण चिकटपट्टी ओढतो, एक जण लेबल लावतो, उरलेले सहा त्या दोघांकडे बघतात. आठ कोअर म्हणजे निव्वळ खोगीरभरती.
सौ. म्हणाली, अहो, काम तिला करायचंय, तिला विचारून तरी घ्या. विचारलं असतं. मग अभ्यास कशाला केला?

१८ एप्रिल
खरेदी झाली. सेल्समननं आधी तो आठ कोअरवाला काढला. पाटीवर वेग किती? २.०! खालच्या कप्प्यात एक दोन कोअरवाला धूळ खात पडला होता. त्याच्यावर ठळक ४.१. दुप्पट वेग, आणि कोणाचं लक्ष नाही. हिऱ्याची पारख जोहऱ्यालाच.
कन्येनं बाही ओढली. म्हणाली, बाबा, त्या ४.१ च्या पुढं बारीक अक्षरात 'पर्यंत' लिहिलंय. म्हटलं, बारीक अक्षरं वाचत बसलो असतो तर आयुष्यात काही घेतलंच नसतं. सेल्समनही तिची री ओढू लागला. त्याला कमिशन असणार. त्याला तसं तोंडावर सांगितलं. कन्या दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. उकडत होतं आत.

२३ एप्रिल
लॅपटॉप उत्तम. मेल टिचकीसरशी उघडते. संध्याकाळी मीच वापरतो. साहेबांसाठी प्रेझेंटेशन करतोय, 'पार्सल विभाग: नवी क्षितिजे'. पहिली स्लाइड झाली. कन्येला सकाळ आणि दुपार मोकळी दिली आहे. बाप म्हणून एवढं करायलाच हवं.

३० एप्रिल
नवा शब्द: रेंडरिंग. हिनं पात्रं, रंग, हालचाल सगळं सांगून ठेवायचं, मग मशीननं एकेक चित्र पक्कं करत बसायचं. सेकंदाला चोवीस चित्रं. कन्या म्हणते, या मशीनवर १० तारखेपर्यंत होणार नाही, मैत्रिणीच्या आठ कोअरवर एका दुपारीत झालं असतं. मैत्रीण लॅपटॉपसकट गावाला गेलीय.
म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा तिच्या कानात हेडफोन होते.
उपायही मीच सुचवला. चित्रात गर्दी कमी कर. तिनं झाडं काढली. मग पाऊस काढला. शेवटी दुसरं पात्रसुद्धा. एकच मुलगी उरली, रिकाम्या रस्त्यावर. म्हटलं, आता कसं सुटसुटीत दिसतंय! तिचे डोळे लाल होते. स्क्रीनकडे फार बघते.

६ मे
लॅपटॉप अखंड चालू. पंखा असा घोंघावतो की बातम्या ऐकू येत नाहीत. माझी क्षितिजे दुसऱ्या स्लाइडवर अडलीत. स्क्रीनवर चिकट कागद लावलाय: 'बाबा, प्लीज हात लावू नका.' कागद काढला. नव्या स्क्रीनला डाग पडतात.

८ मे, संध्याकाळ
मेहुणा आला. त्यानंही लॅपटॉप घेतलाय, आठ कोअरचा, आणि शेजारपाजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होता. उत्तर देणं भाग होतं. आपला बंद केला, पुन्हा चालू केला. दहा मोजायच्या आत हजर! मेहुण्याची बोलती बंद. हातच्या काकणाला आरसा कशाला?
कन्या क्लासहून आली. स्क्रीन पाहिली. तिथंच खाली बसली. स्पीड पाहून थक्क झाली असावी.

९ मे
ती फिल्म म्हणे एकाच फाइलीत तयार होत होती, आणि अर्धवट राहिलेली फाइल उघडत नाही. असलं सॉफ्टवेअर करतात कशाला? सौ. म्हणाली, कागद लावला होता ना तिनं? होता. पण त्यावर कारण लिहिलं नव्हतं. आमच्या विभागात कारण लिहिल्याशिवाय सूचना लावता येत नाही. सौ. वाढते आणि आत जाते.

१० मे
पुन्हा पहिल्यापासून सुरू करून झाली तेवढी, नऊ सेकंदांची फिल्म पाठवली. म्हटलं, थोडक्यात गोडी असते.

३ जून
कॉलेजचं उत्तर आलं. एकच शब्द, अपूर्ण. कन्येला समजावलं की जे होतं ते बऱ्यासाठीच. कॉमर्सला जा, हिशेबाला दोन कोअर पुरून उरतात, लॅपटॉप आजपासून पूर्णपणे तुझा. म्हणाली, नको, तुम्हीच ठेवा. भरून आलं. मुलं ठेच लागली की समजूतदार होतात.

१८ जून
कन्येनं नोकरी धरली. कुठं ते विचारायचं राहिलं, कारण वक्तशीरपणावर चांगला तासभर बोललो. सगळं ऐकून घेतलं तिनं.

४ जुलै
घर कसं शांत झालंय. सकाळी बाथरूम रिकामं मिळतं. टीव्हीच्या आवाजावरून कटकट नाही. इतक्या वर्षांनी घराला शिस्त लागली. क्रेडिट कोणी देणार नाही, पण ते माझंच आहे.

६ जुलै
तिसऱ्या स्लाइडवर लॅपटॉप अडकला. दुकानदाराला चार शब्द सुनवायला गेलो. काउंटरवर दुकानाचा निळा टी-शर्ट घालून कन्या.
म्हटलं, तू इथं? म्हणाली, नमस्कार सर, बसा. मागं मॅनेजर उभा होता, म्हणून सर म्हणाली असेल. मॅनेजर आत गेला. तरी सर.
तिनं लॅपटॉप पाहिला. म्हणाली, मेल-बिल बघायला हा ठीक आहे. पण रेंडरिंगमध्ये एकाच चित्राचे तुकडे होतात आणि ते सगळ्या कोअरमध्ये वाटले जातात, तिथं आठ जण खरोखर आठ जणांचं काम करतात. दोघंच असले की सगळा भार त्यांच्यावर. ते तापतात, तापले की मंदावतात. ४.१ हा आकडा ताज्या दमाचा, तो तासन्‌तास टिकत नाही. आणि त्या दुसऱ्यावरचा २.० हा कमीत कमी वेग होता, दोन्हींची तुलना करायचीच नसते. हे सगळं अगदी गोड आवाजात, रागाचा लवलेश नाही. पहिल्यांदाच नीट समजलं. समजायला नको होतं.
इथंच का, विचारलं. म्हणाली, स्टाफला सवलत मिळते, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचाय, तोवर स्वतःचा घेऊन होईल. म्हटलं, घ्यायच्या वेळी मला बोलाव. तिनं लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला.
मग म्हटलं, थांबतो, संध्याकाळी बरोबरच जाऊ घरी.
तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, मी एक तारखेलाच खोली घेतली, सर. सामान तुमच्यासमोरूनच नेलं, तुम्ही बातम्या बघत होता. आईला माहीत आहे.
मागं लाइन होती. बाजूला झालो.