टोपली उतरवणारे हात

वर्तकनगर, ठाणे
५ फेब्रुवारी १९९२

चि. आनंद यास,
मावशीचे आशीर्वाद.

रविवारी डोंबिवलीला तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हापासून डोकं तापलं आहे. माझ्या ताईला, म्हणजे तुझ्या आईला, तुम्ही आरामखुर्चीत मूर्तीसारखं मांडून ठेवलं आहे. पाणी हातात, ताट मांडीवर, चपलासुद्धा तुझी बायको नंदा तिच्या पायात घालते. कोलशेतच्या खाडीवरून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन सगळं वर्तकनगर पालथं घालणारी बाई ती. आता पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्यात. मधुमेहाला नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, खुर्चीतून उठबस करू द्या, हाताने थोडं वजन उचलू द्या, नाहीतर अंगातली ताकद जाईल आणि साखरही चढेल, असं डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं. तू मान डोलावलीस. पुढे काय?

लोभ पुष्कळ आहे तुझा. तो जरा कमी करावा.

चंद्रामावशी

डोंबिवली
१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
आनंदचा साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस. आईने जन्मभर ओझंच वाहिलं. मला नोकरी लागली त्या दिवशी मी तिची टोपली खाडीत सोडली, तेव्हा तूही पेढे खाल्लेस. आता पुन्हा तिला वजन उचलायला लावू? शेजारी काय म्हणतील? मागे एकदा तिचा तोल गेला, तेव्हापासून नंदा घाबरते. उन्हाळा सरला की बघू.

चिडकी का होईना, तुझी माया असू दे.

आनंद

डोंबिवली
२ मे

ती. मावशीस नमस्कार.

तुला कळवायचा धीर झाला नाही, पण महिना होत आला, दारात मासळीवाली आली होती. नंदा गच्चीवर होती. त्या बाईने डोक्यावरची टोपली उतरवायला जरा हात लाव म्हणून हाक दिली. आई खुर्चीतून उठली, दोन्ही हात वर केले आणि तिचे पाय खाली दुमडले. खुब्याचं हाड मोडलं. साखर उतरत नाही म्हणून ऑपरेशन राहिलं. पडून पडून पाठीला जखम झाली आहे, ती भरत नाही. आता उपाय नाही म्हणून काल डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मधूनच शुद्धीवर येते आणि विचारते, त्या बाईची टोपली कोणी उतरवली. मी काय सांगू?

आनंद

वर्तकनगर
४ मे

चि. आनंद यास आशीर्वाद.

तुला सुनावायलाच कागद घेतला होता. राहू दे. हे पत्र शेजारच्या पोराच्या हाती आजच पाठवते, मी उद्या सकाळी येते. ती खुर्ची माझ्या नजरेस पडता कामा नये.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी खोटं बोलल्याबद्दल हातावर छडी मारली, त्यानंतर मी कधी खोटं बोलले नाही. पण मी पोचायच्या आधी तिने पुन्हा विचारलं, तर तू ताईच्या कानाशी जा आणि सांग, ‘आई, तूच उतरवलीस.’

चंद्रामावशी