हाक परत येते तो कडा

३ फेब्रुवारी

सगळंच काढावं लागेल म्हणाले! हिचं स्वरयंत्र, गाठीसकट. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यावर काट मारली आणि पेन खिशात ठेवलं. जीव वाचेल, आवाज जाईल. श्वास गळ्याला भोक पाडून. मी त्या चित्राकडेच बघत बसलो. चौकटी करणारा माणूस मी. कुणी चित्र पुढे केलं की आधी त्याचं माप डोळ्यांपुढे येतं. स्वतःचीच लाज वाटली.

हिने विचारलं, "म्हणजे अजिबात नाही? कुजबुजसुद्धा?"

"पुढे यंत्र वगैरे लावून काहींना बोलता येतं. पण आपला म्हणतात तो आवाज नाही. ऑपरेशन एकोणीस तारखेला. तोवर काय बोलायचं ते बोलून घ्या."

बोलून घ्या म्हणे! जणू दुकान बंद व्हायच्या आत किराणा भरून ठेवायचाय.

परतीच्या बसमध्ये ही एक अक्षर बोलली नाही. एरवी दोन स्टॉप जाईपर्यंत पुढच्या बाकावरच्या बाईच्या सुनेचं माहेर हिला ठाऊक झालेलं असतं.

५ फेब्रुवारी

दुकान उघडलं. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोची काच आखूड कापली. गेली वाया. पुन्हा कापली. पुन्हा आखूड. शटर ओढून घरी आलो.

६ फेब्रुवारी

ही अजून कामावर जातेच आहे. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. नंबर लावायचे, नावं पुकारायची. रजा घे म्हटलं तर म्हणाली, "घरी बसून काय भिंतींशी बोलू?"

संध्याकाळी आणायला गेलो आणि पेशंटांच्या बाकावर टेकलो. आवाज पार घोगरा झालाय, तरी दारात उभी राहून पुकारते. एकेकाचं नाव अगदी घरातल्यासारखं घेते. गाल सुजलेला माणूससुद्धा हसत उठतो.

आणि एकाएकी डोक्यात आलं — सगळ्या गावाची नावं हिने घेतली, माझं एकदाही नाही! लग्नात उखाण्याच्या वेळीही लाजून पळाली, आणि तेव्हापासून मी 'अहो'. फारच रागात असली तर 'ऐकलंत का'. मीही कधी तिचं घेतलं नाही म्हणा. 'अगं' म्हटलं की काम भागतं. आजवर कुणाचंच कधी अडलं नाही. आज अडलं. एकोणीस तारखेनंतर तो आवाज नाही, आणि त्या आवाजात माझं नाव कसं वाटतं ते मला माहीतच नाही.

मला ते एकदा ऐकायचंय. बस्स. दुसरं काही नको.

वाटलं, आपणही इथे नंबर लावावा. एखादा दात काढावा लागला तरी चालेल.

८ फेब्रुवारी

लेक आली. दारातच आईच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जेवताना म्हणाली, "आई, तुला काय करावंसं वाटतंय? सांग ना. काहीही."

ही म्हणाली, "डोंगरातली ती गावं बघायचीत. तुझ्या बाबांनी जन्मभर ज्यांच्या चित्रांना चौकटी केल्या."

खरंच की. ते तळं, ती लाल छपरं, तो कडा. किती लोकांच्या भिंतींवर मी चढवली! गेलो मात्र कधी नाही. दर सुट्टीत 'पुढच्या वर्षी नक्की'.

"मग खासगी गाडी करू," लेक म्हणाली. "बसची दगदग नको. सकाळी निघायचं, तिन्ही गावं बघायची, संध्याकाळी घरी. तुम्ही दोघंच जा. मी कशाला मध्ये लुडबुड करू?"

"त्या वरच्या गावात कडा आहे ना?" हिने विचारलं. "हाक मारली की परत येते तो?"

"आहे की."

"मग तिथे जायचंच."

माझा घास हातातच राहिला.

९ फेब्रुवारी

ठरलं. कड्यावर सांगायचं — माझं नाव घेऊन हाक मार. एकदाच. साधी गोष्ट आहे!

१० फेब्रुवारी

साधी नाही. आरशापुढे म्हणून पाहिलं. "अगं, जरा माझं नाव घेतेस का?" एवढा मोठा घोडा झालो, आणि कान लाल! मागे लेक उभी.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

"दाढी करतोय."

"साबण न लावता?"

आईवर गेलीय.

१२ फेब्रुवारी

जाऊन आलो. लिहायला बसलोय, पण हात चालत नाही. तरी लिहितो.

गाडी उजाडताच दाराशी. ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलायची हौस असलेला. "काका, काकू, आज गाडी तुमची. थांबा म्हणाल तिथे थांबणार." ही माझ्याशेजारी मागे बसली. आणि नवल म्हणजे ही गप्प, मीच बडबडतोय! घाटात प्रत्येक वळणावर माझं काहीतरी चालू. तो पूल बघ, ती झाडं बघ. गप्प बसलो तर ते वाक्य तोंडातून निसटेल अशी भीती. नाही निसटलं तर, अशीही.

पहिलं गाव तळ्याचं. माझ्या चौकटीतलं तळं निळंशार असतं. हे हिरवं, शेवाळलेलं, काठाला रिकाम्या बाटल्या. "काय हो, एवढ्या गिऱ्हाइकांना फसवलंत!" ही म्हणाली. खूप दिवसांनी दोघं हसलो. होडीत बसलो. मध्यावर होडीवाल्याने वल्ही थांबवली आणि सगळं इतकं शांत झालं, वाटलं, हीच वेळ.

"अगं..."

"काय?"

"थंडी वाजतेय का?"

"नाही."

झालं! तेवढ्यात होडीवाल्याने पुन्हा वल्ही उचलली.

दुसरं गाव बाजाराचं. लोकरी कपडे, लाकडी खेळणी, मेणबत्त्या. हिने दुकानादुकानात घासाघीस केली आणि घेतलं काहीच नाही. दुकानदार मेटाकुटीला आले. एरवी मी 'चल आता' म्हणून हात धरून ओढतो. आज म्हटलं नाही. बोलू दे! त्या घोगऱ्या आवाजात 'हे काय सोन्याचं आहे का?' म्हणत होती, आणि मी पिशवी धरून मागे उभा होतो आणि मला रडू येत होतं.

शेवटच्या दुकानात मात्र तिने एक पाटी घेतली. लहान मुलांची, लाकडी चौकटीची. "लागेल ना आता," म्हणाली, भाजी घ्यावी तसं. पाटीचा एक कोपरा उघडा पडला होता. "चौकट मी नीट करून देतो," म्हणालो. बाहेर येऊन नाक शिंकरलं.

वरच्या गावात पोचलो तर धुकं! कड्याला लोखंडी कठडा, त्यापलीकडे नुसतं पांढरं. दरी नाही, डोंगर नाही, काही नाही. ड्रायव्हर खाली गाडीपाशीच काचा पुसत थांबला होता. म्हणजे आम्ही दोघंच. म्हटलं, आता! घसा खाकरला. तेवढ्यात हीच म्हणाली, "अहो, माझी शाल गाडीत राहिली. आणि येताना टपरीवरून चहा आणा ना."

"आधी हाक मारून घे की."

"आधी शाल."

"अगं पण..."

"गारठले हो मी."

बायकोपुढे कुणाचं चाललंय! गेलो.

टपरी वळणाच्या खाली, गाडीजवळ. शाल घेतली, चहा उकळेपर्यंत उभा राहिलो. कुठल्याशा शाळेची सहल आली होती. धुक्यात पोरं एकमेकांना हाका मारत होती, कोण कुठून ओरडतंय पत्ता लागेना. त्यात एक हाक आली आणि मी कान टवकारले. माझंच नाव! समोरच्या डोंगराकडून, लांब ओढलेली, फाटक्या आवाजातली. थोड्या वेळाने पुन्हा.

चहावाल्याला म्हटलं, "ऐकलंत? माझ्या नावाचं कुणीतरी आहे इथे."

"मग द्या की ओ!" तो हसला.

"मला त्या नावाने हाक मारणारं कोण उरलंय आता? आई गेली. थोरला भाऊ गेला."

बोलायला बोललो, आणि गलबलून आलं. खरंच कुणी उरलं नाही. हल्ली हे नाव तरी कोण ठेवतं! एखाद्या पोराला आजोबांचं ठेवलं असेल, त्याचे मास्तर शोधत असतील. काय कार्टं आहे, मनात म्हटलं, एवढं बोलावतायत तर ओ द्यायला काय होतं?

वर आलो तर ही कठडा धरून उभी. पापण्या ओल्या.

"काय झालं?"

"धुकं आहे."

चहा हातात घेतला, प्यायली नाही.

"मार आता हाक," म्हटलं. धीर गोळा करत होतो. पुढचं वाक्य जिभेच्या टोकावर होतं.

"नको. घसा साथ देत नाही."

"एवढ्या लांब आलो आणि..."

"नको म्हटलं ना!"

इतकी का चिडली, कळलं नाही. मग मी कसला विचारतोय! शाल पांघरली तर ती तिने सावरलीसुद्धा नाही. सगळा घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, मी माझ्या गुडघ्यांकडे. ड्रायव्हरने आरशातून एकदा आमच्याकडे पाहिलं आणि रेडिओ लावला.

राहिलंच शेवटी.

१३ फेब्रुवारी

हिचा आवाज पार बसला. नुसती कुजबुज उरली आहे. गार हवा बाधली, दुसरं काय!

लेक माझ्यावरच उखडली. "बाबा, तुम्ही तिला दिवसभर बोलायला लावलंत ना?"

मी! चोर सोडून संन्याशाला फाशी.

१५ फेब्रुवारी

पाटीची चौकट केली. दुकानदाराची काढून टाकली, घरचं सागवान घेतलं. चारही कोपरे असे जुळवले की नखसुद्धा शिरणार नाही. कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. तिला हातात धरायचीय. गिऱ्हाइकासाठी एवढी मेहनत मी आयुष्यात केली नाही. आणि करताना एकच वाटत होतं, ही पाटी लागूच नये.

ही दाराशी येऊन उभी राहिली. बघत होती. मी वर पाहिलं तर आत निघून गेली. त्या दिवसापासून अशीच करते. माझ्यावर रुसलीय, पण कशावरून?

१८ फेब्रुवारी

दवाखान्यात दाखल केलं. दिवसभर रक्त तपासा, सह्या करा, हे आणा, ते आणा. कुजबुजही चालली असती मला. कानाजवळ, हळूच. पण एका बाजूला नर्स, दुसऱ्या बाजूला लेक, आणि मला चारचौघांत कधी काही मागता आलंय! भेटीची वेळ संपली. दारापर्यंत गेलो तेव्हा तिने हाताने बोलावलं. धावत परत गेलो. वाकलो.

"अहो," म्हणाली, "घरी गेल्यावर दूध तापवा. नाहीतर नासेल."

बरं म्हटलं. हेच शेवटचं.

१९ फेब्रुवारी

झालं. ही आहे. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं. ही वाचली म्हणून रडावं की आवाज गेला म्हणून, तेच कळेना; मग दोन्हींसाठी रडलो.

२० फेब्रुवारी

दूध नासलं.

२३ फेब्रुवारी

पाटी दिली. किती वेळ चौकटीवरून बोट फिरवत होती. मग लिहिलं — "दूध तापवलंत?"

हो म्हटलं. आजवर हिच्याशी खोटं बोलून पचलेलं नाही. आजही नाही. डोळ्यांनीच हसली. रुसवा थोडा गेला वाटतं.

घरी आलो. घर हिच्यावाचून इतकं गप्प आहे की घड्याळाचाही राग येतो.

२८ फेब्रुवारी

आज न राहवून बोलून टाकलं. खाटेशी बसून, तिच्याकडे न बघता. "एक राहिलंच बघ. तू कधी माझं नाव घेतलं नाहीस. त्या दिवशी कड्यावर सांगणार होतो, हाक मार म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पाटी ओढली. लिहायला वेळ लागला.

"मारली होती. नाव घेऊन. दोनदा. समोर लाज वाटली असती, म्हणून शालीचं निमित्त. तुम्ही ओ दिली नाहीत."

टपरी. समोरच्या डोंगरावर आपटून आलेली ती फाटकी हाक. आणि मी हातात तिची शाल घेऊन उभा! ओळखला नाही मी तो आवाज. ओळखणार कसा? त्या आवाजात माझं नाव कधी ऐकलंच नव्हतं.

"ओ," म्हणालो. फारच मोठ्याने म्हणालो असेन. पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली.