लाल ठिपक्याचं ताट

आई, तुझं ते ताट अजून माझ्याकडेच आहे. मागच्या बाजूचा नेलपॉलिशचा लाल ठिपका झिजलाय, पण गेला नाही. तो मीच लावला होता. मुर्धा गावाहून तुला जेसल पार्कच्या आमच्या नव्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा तुझा खोकला तीन महिन्यांचा झाला होता. छातीच्या एक्स-रेत पाणी दिसलं आणि नाक्यावरच्या डॉक्टरांनी टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. त्याच दुपारी मी तुझं ताट, पेला, टॉवेल, सगळं वेगळं केलं. माझी लेक तीन वर्षांची होती. तुझ्याजवळ गेली म्हणून तिला दोनदा फटके दिले. तू गॅलरीत बसून जेवायचीस आणि ताट स्वतःच घासून खिडकीत उपडं ठेवायचीस. एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी निदान भांडले असते.

गोळ्या संपत आल्या तरी खोकला तसाच. ताप नव्हताच, खांदा मात्र दुखायचा आणि ब्लाउज सैल होत चालले होते. मला हे दिसत होतं. पण डॉक्टरांना मी विचारलं काय, तर तुझी भांडी अजून किती दिवस वेगळी ठेवू! लाज वाटते आता. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "विडी ओढता? मिश्री लावता?"

"न्हाय बाय. चुलीचा धूर तेवढा गिलला."

त्यांनी मला बाजूला घेतलं. टीबी नव्हे, फुप्फुसाचा कॅन्सर. विडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही होतो, म्हणाल्या, आणि टीबी समजण्यात वेळ जातो. आता वर्ष निघणं कठीण. परतताना रिक्षात मी रडत रडत तुला सगळं सांगितलं. तू एकच विचारलंस, "मंग ह्यो लागनारा न्हाय ना? पोरीला घेऊ ना गो मांडीवर?"

घरी आल्या आल्या तू हात पुढे केलेस. पोर मागे सरली. "नको, आई मारेल."

"शानी हाय," म्हणत तू हसलीस आणि हात पदराखाली घेतलेस. त्यानंतर चार महिने होतीस, पण ती लांबच राहिली.

हा कागद मी त्या ताटाखालीच ठेवणार आहे, लेकीच्या हाती लागू नये म्हणून. पोर लहान होती, बुजली, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. पण तू हात पुढे केलेस तेव्हा ती माझ्याकडे बघत उभी होती, आई. रोग लागणारा नाही हे मला कळलेलं होतं. तरी मी तिला "जा" म्हणाले नाही.