गेरूच्या मडक्यातली खिचडी

मुनिरका, नवी दिल्ली
३ ऑगस्ट १९९८

ती. सौ. आईस,
देविकाचा सा. न. वि. वि.

पाय कसा आहे? प्लास्टर निघेपर्यंत ओट्याशी उभी राहू नकोस. फोनवर नीट बोलताच येत नाही, शेजारच्या काकू दारात उभ्या असतात म्हणतेस. म्हणून पत्र.

माझं संशोधन म्हणजे नेमकं काय, असं बाबांनी विचारलंय. माझ्याकडे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या हंड्यांची खापरं आहेत. काहींच्या आतून, काठाच्या जरा खाली, काळा पट्टा आहे. तो कशाने पडला असेल? हे शोधायला मी तशीच मडकी हाताने घडवते, भाजते, चुलीवर त्यांत कधी डाळ, कधी कण्या शिजवते, आणि मग मडकं फोडून डाग ताडून बघते. घरमालकीण सगळ्या गल्लीला सांगते, पढ़ी-लिखी लड़की है, मटके फोड़ती है.

शनिवारी दादाकडे गुडगावला गेले. वहिनीला सातवा लागलाय आणि मातीच्या वासाचे डोहाळे लागलेत. म्हणून एक कोरं मडकं नेलं, बाल्कनीत तीन विटा मांडून मुगाची खिचडी केली. मला श्रावणातला उपास, दादा मानेसरच्या कारखान्यातच जेवून आलेला, त्यामुळे सगळी वहिनीच्याच वाट्याला. दादा कंपनीच्या बसमधून उतरला तो धूर बघून ओरडतच वर आला, सोसायटीवाले नोटीस देतील म्हणून. वहिनी मात्र मडकं खरवडत बसली होती.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिही.
तुझी देविका

•

मुनिरका
११ ऑगस्ट

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

दादाने फोन केलाच असेल. वहिनी दवाखान्यात आहे. आधी उलट्या झाल्या, मग रविवारी डोळे पिवळे दिसले. गरोदरपणात कावीळ वाईट, असं डॉक्टर म्हणाले.

आई, तुला एक सांगायचंय. खिचडीच्या त्या मडक्याला लाल रंग द्यायला माझ्याकडचा गेरू पुरला नव्हता. मी हार्डवेअरच्या दुकानातून सुटी पूड आणली, भिंतीला लावतात ती. तिच्यात काय मिसळलं असेल देव जाणे. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं की या मडक्यांत शिजवा, पण खाऊ नका. वहिनीने हौसेने मागितलं आणि मी विसरले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दादाला हे सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तुझी मडकी पुन्हा माझ्या घरात नकोत, एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवली. उरलेली पूड मी डॉक्टरांकडे दिली आहे. आता इथलं सगळं आवरून नाशिकला यावं म्हणते. बाळाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

देविका

•

नाशिक
१७ ऑगस्ट

चि. देविकास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजच मिळालं. लगेच लिहायला बसले आहे, अक्षर वेडंवाकडं येईल.

इथे येऊन काय करणार आहेस? माझ्यासमोर बसून रडशील आणि मला या पायानिशी तुझे डोळे पुसावे लागतील. तिथेच राहा. रोज सकाळी मऊ भात करून दवाखान्यात ने, स्टीलच्या डब्यातून ने. श्रीरंग बोलला नाही तरी बाकावर बसून राहा. तो घाबरला की असाच वागतो. लहानपणी तुला ताप आला की तुझ्यावरच खेकसायचा आणि मग उशाशी बसून राहायचा.

आणि एक विचारते. डॉक्टर काही बोलायच्या आत तूच निकाल कसा लावलास? संशोधन करणारी ना तू? चूक असेल तर ती मान्य करायला मी तुझ्यासोबत आहे. पण आधी कळू तर दे.

यांनी देव पाण्यात ठेवलेत. जेवत जा.
तुझी आई

•

मुनिरका
२४ ऑगस्ट

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

वहिनी काल घरी आली! डोळे अजून थोडे पिवळट आहेत, पण बाळ व्यवस्थित आहे. दोन्ही बाजूंनी लाथा मारतंय.

मडक्याचा काही संबंध नव्हता. डॉक्टर म्हणाले, ही पाण्यातून होणारी कावीळ, ती अंगात शिरून कित्येक आठवडे झाले असणार. खिचडी तर परवापरवाची. माझ्या पुडीत लाल मातीशिवाय काही निघालं नाही. दादाच्याच इमारतीत आणखी चार-पाच घरांत डोळे पिवळे झालेत. दादाने शेजाऱ्यांना घेऊन जमिनीखालची टाकी उघडायला लावली, तर ड्रेनेजचा पाइप तिच्यात झिरपत होता. नवी कोरी सोसायटी, संगमरवरी लॉबी, आणि पाणी हे असं!

हे कळल्यावर मी जिन्यात बसून हमसाहमशी रडले. झाडूवाल्या बाईने जवळ येऊन विचारलं, कोई चला गया क्या? मी म्हटलं, नहीं, सब बच गए. मग तीही माझ्याबरोबर हसली.

आणि ऐक. आज संध्याकाळी दादा इथे आला, खांद्यावर गोणी. मानेसरजवळच्या गावातून माझ्या भट्टीसाठी शेणाच्या गोवऱ्या आणल्या होत्या. कंपनीच्या बसमध्ये सगळे नाक दाबून बसले होते म्हणे. माफी वगैरे काही नाही. गोणी टेकवली, घाम पुसला आणि चहा करणार आहेस की नाही, विचारलं. मी दोन वेळा केला.

आता रात्री झोप. मीही झोपते.
तुझी देविका

•

गुडगाव
२ नोव्हेंबर

ती. सौ. आईंच्या चरणी,
रेवतीचा शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाल्याचं फोनवर कळलंच आहे. नाक तुमच्यावर गेलंय. माझी तब्येत उत्तम, पाणी अजूनही उकळून पितो.

फोनवर सांगता न आलेल्या दोन गोष्टी सांगते. देविकाताईंचा डाग जुळला. कण्या मंद आचेवर आटवल्या की पाणी खाली जाताना काठाजवळ अगदी तसाच पट्टा उमटतो. मडकं त्यांनी आमच्याच बाल्कनीत फोडलं. हे लगबगीने झाडू घेऊन धावले, तर ताई ह्यांच्यावर केवढ्याने ओरडल्या! एकेक तुकडा पिशवीत गेला.

दुसरी गोष्ट दवाखान्यातली. नर्सने बाळ बाहेर आणलं तेव्हा ह्यांनी ते आधी देविकाताईंपुढे धरलं. त्या मागे सरकल्या, मला नको दादा, माझ्या हातून सगळं फुटतं, म्हणाल्या. हे म्हणाले, घे गं, खापराचा तुकडासुद्धा किती जपून उचलतेस, बघितलंय मी. मग त्यांनी घेतलं. नर्सने मागितलं तरी बराच वेळ देईनात.

नातीला बघायला लवकर या. आम्हा तिघींवर, आणि ह्यांच्यावरही, अशीच माया राहू द्या.

आपली,
सौ. रेवती